ओव्हाळ सरांचा दहावा फोटो

ओव्हाळ सरांसारख्या माणसाच्या हाताखाली कुणी नोकरी करू नये, असं मला वीस वर्षं रोज वाटायचं. चांगल्या माणसाच्या हाताखाली काम करणं हा मोठा ताप असतो. वाईट साहेब असला की घरी येऊन त्याला चार शिव्या घालता येतात आणि मग जेवण गोड लागतं. सरांना शिव्या घालायला जागाच नसायची, आणि राग तर रोज यायचा. आजही येतो. हे लिहायला बसलोय तेही निम्मं रागानंच.

सोलापूर हायवेवर यवतला आमचं कॉलेज. त्याचं नाव सांगत नाही, संस्थेचं तर नाहीच. तिथल्या पगारावर माझं घर चाललं आहे. मी ऑफिसात आधी क्लार्क, मग हेडक्लार्क. सर गणिताचे प्राध्यापक आणि प्रभारी प्राचार्य. प्रभारी म्हणजे खुर्ची प्राचार्याची, काम प्राचार्याचं, बोलणी खायची तीही प्राचार्याची, फक्त सहीखाली 'प्रभारी' लिहायचं. ही सोय सहा महिन्यांची, फार तर वर्षाची असते. सर सोळा वर्षं प्रभारी होते. कायमचा प्राचार्य नेमायचा विषय निघाला की संस्थेला काहीतरी अडचण आठवायची. कधी कोरम नसायचा, कधी जाहिरात चुकायची, कधी कुणाचं तरी लग्न असायचं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सर कासुर्डीच्या बौद्धवस्तीतले, आणि संस्थेच्या बैठकीला बसणारी झाडून सगळी मंडळी बागाईतदार. त्यांना सरांचं काम हवं होतं, दारावर सरांच्या नावाची कायमची पाटी नको होती. हे तोंडानं कुणी बोलत नसे. मीही बोललो नाही. माझंही आडनाव जगताप आहे, माझंही वांग्याचं रान होतं, आणि मला नोकरी टिकवायची होती.

सर बुटके, सावळे, अंगात कायम पांढरा हाफशर्ट. खिशाला दोन पेनं. निळं स्वतःसाठी आणि लाल माझ्यासाठी. सकाळी सव्वासहाला ते कासुर्डी फाट्यावर उभे असायचे. एस.टी. थांबली तर एस.टी., नाहीतर दुधाचा टेम्पो. शिपाई कुलूप काढायला यायचा तेव्हा सर पायरीवर बसून परिपत्रक वाचत असायचे. परिपत्रक पहिल्या ओळीपासून खालच्या 'प्रत माहितीसाठी'पर्यंत वाचणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आम्ही विषयाची ओळ वाचून फायलीला लावायचो आणि चार दिवसांनी कपाळाला हात लावायचो. मग सर म्हणायचे, "जगताप, आधी वाचा, मग रडा." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की लग्नपत्रिकासुद्धा आता मी प्रेसच्या नावापर्यंत वाचतो.

एकदा दुपारी कासुर्डीहून निरोप आला की सरांच्या आईला दौंडच्या दवाखान्यात नेलंय. ऑफिसात प्रवेशाची गर्दी, मी फॉर्मच्या ढिगाऱ्यात. अर्ध्या तासानं मान वर केली तर सर समोरच्या बाकावर बसलेले.

"सर, गेला न्हाई अजून?"

"रजेचा अर्ज ट्रेमधे ठेवलाय. आवक नाही झाला."

अर्ज होता 'मा. प्रभारी प्राचार्य यांस', म्हणजे त्यांचा त्यांनाच. मी पोरांना बाजूला सारलं, शिक्का मारला, आवक नंबर टाकला, अर्ज त्यांच्या टेबलावर नेला. सर खुर्चीत जाऊन बसले, अर्ज वाचला, लाल पेनानं गोल केला. अर्जदारानं तारीख घातली नव्हती. मग निळ्या पेनानं तारीख घातली, लाल पेनानं मंजुरी दिली, आणि पिशवी घेऊन हायवेकडं अक्षरशः पळत सुटले. म्हातारी त्यातून बरी निघाली, पुढं दहा वर्षं जगली, म्हणून हे हसून सांगता येतं. त्या दिवशी मात्र मला वाटलं होतं की या माणसाला धरून हलवावं. पण दुसऱ्या कुणाच्या रजेला त्यांनी असं कधी अडवलं नाही. आमचा शिपाई न सांगता चार दिवस गेला होता तेव्हा त्याचा अर्ज सरांनी स्वतः लिहिला होता. नियम सगळ्यात कडक ते स्वतःला लावायचे. का, ते मला फार उशिरा कळलं. बाकीच्यांची चूक चूक म्हणून मोजली जायची. सरांची चूक झाली असती तर लोक थेट वस्तीवर, म्हणजे जातीवर, घसरले असते.

आता विद्यापीठाकडं येतो, कारण सगळा घोळ तिथला आहे.

माझी भाची मंगल. थोरल्या बहिणीची मुलगी, कवठे येमाईची. शिकायला म्हणून आमच्याकडं यवतला राहिली. सरांच्या हाताखाली गणित घेऊन बी.एस्सी.ला बसली आणि निकाल लागला 'राखीव'. म्हणजे पास नाही, नापासही नाही. प्रॅक्टिकलचे गुण पोचले नाहीत, असं विद्यापीठाचं म्हणणं. पोचल्याची पोच आमच्याकडं होती. सर म्हणाले, आपण जाऊ. मला वाटलं एक खेप होईल. पावणेदोन वर्षांत अकरा खेपा झाल्या.

तिथं एक लांबलचक व्हरांडा होता, आणि ओळीनं खिडक्या. खिडकीला जाळी, जाळीच्या तळाशी हात जाईल एवढं अर्धगोल भोक. ते भोक माणसाच्या कमरेच्या जरा वर. आतल्याशी बोलायचं तर भोकाशी तोंड न्यायला वाकावंच लागे. सर मुळात बुटके, तेही काटकोनात वाकायचे. आतून आवाज यायचा, "उद्या या." उद्या म्हणजे आमच्याकडून पुन्हा पहाटेची एस.टी. बाराव्या खेपेला गुण सापडले. दुसऱ्याच कॉलेजच्या गठ्ठ्यात होते. तोवर बी.एड.ची दोन वर्षांची प्रवेशाची संधी गेली होती, आणि मंगलचं लग्न लावून बहीण मोकळी झाली होती. मंगल रांजणगावला कंपनीत पॅकिंगला लागली, बारावी पास म्हणून. पदवीचा कागद आला तो तिनं ट्रंकेत साडीखाली ठेवला. मला म्हणाली, "मामा, आता ह्याला मी काय फ्रेम करू व्हय?"

त्या बाराव्या खेपेहून येताना हडपसर आल्यावर सर म्हणाले, "जगताप, खिडकीच्या भाएरनं काय व्हायचं न्हाई. आत बसाया पायजे कुनीतरी." सर चिडले की त्यांची भाषा कासुर्डीची व्हायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एक हिरवी फाईल मागून घेतली आणि वर लिहिलं, 'आत गेल्यावर'. पुढची सात-आठ वर्षं ती फाईल वाढत गेली. मी चोरून वाचलेली आहे. पहिलंच कलम होतं, खिडक्यांची उंची वाढवणे, माणसाला उभं राहून बोलता आलं पाहिजे. मग राखीव निकाल तीस दिवसांत निकाली काढणे. पेपर सकाळी अकराऐवजी साडेअकराला ठेवणे, कारण शिरूर-दौंडकडची पहिली गाडी हुकली तर दुसरी सव्वाअकराला पोचते. प्रॅक्टिकल परीक्षा कांदा काढणीच्या पंधरवड्यात न घेणे. फुलं तोडून येणाऱ्या मुलींना पहिल्या तासाच्या हजेरीत सवलत. असं एकेक. कुठंही मोठा शब्द नव्हता. शेवटी तीसेक कलमं झाली होती आणि प्रत्येकापुढं एका विद्यार्थ्याचं नाव होतं. पहिल्या दोन कलमांपुढं मंगलचं होतं.

आणि मग जाहिरात आली. विद्यापीठाला शैक्षणिक संचालक नेमायचा होता. अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल, कॉलेजांची मान्यता, सगळं त्या एका खुर्चीखाली. कुलगुरूंच्या खालोखाल म्हणा ना. वयाची अट पंचावन्न. सर चौपन्न पूर्ण. पुढच्या वेळी जाहिरात आली असती तेव्हा सर बसणार नव्हते. पात्रता सगळी होती, पीएच.डी., अनुभव, पेपर. त्यांनी जाहिरात माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पाच वेळा वाचली. कुठं अडत नाही."

त्या दिवशी ते गणिताच्या तासाला जाताना शीळ घालत होते. आमच्या शिपायानं मला येऊन विचारलं, सरांना बरं न्हाई का म्हणून.

अर्ज आठ प्रतींत, प्रत्येकावर फोटो, आणि संस्थेमार्फत पाठवायचा, ना हरकत प्रमाणपत्रासह. सरांनी यवतच्या स्टुडिओत फोटो काढला. स्टुडिओचाच काळा कोट, स्टुडिओचाच टाय, आणि तो टाय जरा डावीकडं कललेला. दहा प्रती. आठ अर्जांना, एक सेवापुस्तकात, एक ऑफिसात जादा. प्रत्येकाच्या पाठीवर सरांनी नंबर घातला, एक ते दहा.

आता संस्थेचे अध्यक्ष, तात्या. तात्यांचा हायवेला पेट्रोलपंप, मागं गुलछडीची बाग, आणि कारभार सगळा पंपावरच्या केबिनीतून. माणूस दुष्ट म्हणता येणार नाही. सरांना ते 'आमचे सर' म्हणायचे, भाषणात तर 'आमच्या घरचे'. आठ अर्जांचा गठ्ठा मी त्यांच्यापुढं ठेवला तेव्हा सरही होते.

तात्या म्हणाले, "आवो सर, तुमी गेल्यावर हितं कोन? मी शिकवू का गनित?"

"माणूस मिळेल, तात्या. कायमचा प्राचार्यही मिळेल." सर हे इतक्या सरळ आवाजात म्हणाले की त्यातली मेख तात्यांना लागलीच नाही.

"बघू की. पळतंय का कुठं ते?"

पळत होतं. शेवटच्या तारखेला वीस दिवस होते, मग बारा, मग सहा. मी रोज कॉलेज सुटल्यावर पंपावर जायचो. गठ्ठा टेबलाच्या कोपऱ्यात, वर चहाच्या ग्लासचं गोल वर्तुळ उमटलेलं. तात्या कधी बागेत, कधी लग्नाला, कधी समोर बसून "आरं, बघतो म्हनलं ना." मी सरांना म्हटलं, "सर, एक प्रत परस्पर पोस्टात टाकतो. सगळे टाकतात."

"जाहिरातीत काय लिहिलंय?"

"संस्थेमार्फत."

"मग?"

मी ड्रॉवर असा आपटला की कुंकवाच्या रंगाची शाई टेबलभर सांडली. सरांनी शांतपणे टीपकागद पुढं केला. त्यांना काय झालं होतं कळत नव्हतं. सात-आठ वर्षं ज्यासाठी फाईल भरली ते हातातून चाललंय, आणि हा माणूस टीपकागद देतोय! रात्री बायको म्हणाली, तुमचा अर्ज आहे का तो, एवढे का फणफणताय. माझा नव्हता, पण मंगलचा होता.

शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी तात्याच कॉलेजवर आले. सर तासाला होते. तात्या माझ्या टेबलाशी टेकून म्हणाले, "सरांचा एखादा फोटू हाय का रं?"

"कशाला, तात्या?"

"असू दे. लागंल."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तसा तो नसता पडला तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "फोटू हाय. पर आधी ना हरकतीवर सही."

तात्या हसले. "लई शाना झालास की." आणि तिथंच, माझ्या पेनानं, आठ प्रतींवर सह्या करून दिल्या. मी जादा फोटो काढून दिला. पाठीवर लाल शाईत दहा. फोटो कशाला हवा, हे मी पुन्हा विचारलं नाही. सही मिळाली होती ना!

सर तासावरून आले. मी गठ्ठा पुढं केला. त्यांनी आठही सह्या पाहिल्या. "वाचून केली का तात्यांनी?" म्हणाले. मी म्हटलं, व्हय. कशी मिळवली ते त्यांनी विचारलं नाही, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्या दिवशी त्यांनी चहाचा दुसरा कप घेतला. उभ्या आयुष्यात मी त्यांना दुसरा कप घेताना पाहिलं नव्हतं. हिरवी फाईल उघडून त्यांनी मला पहिलं कलम वाचून दाखवलं, जणू मला ठाऊकच नव्हतं. "चार फूट उंची पाहिजे, काय? पावणेचार चालंल?" मी म्हटलं, चारच ठेवा सर.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन अर्ज देऊन आलो, पोच घेऊन आलो. तीन आठवड्यांनी मुलाखतीचं पत्र आलं. बुधवारची तारीख. शुक्रवारी ते पत्र नियमाप्रमाणं मी माहितीसाठी तात्यांना दाखवलं.

आमच्या भागाची एक रीत आहे. अभिनंदन आधी, निवड मागनं. सोसायटीच्या मतमोजणीला गुलाल आदल्या दिवशी आणून ठेवतात. पोलीसभरतीला पळायला गेलेल्या पोराच्या घरापुढं हलगी आधी वाजते. यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. आपला माणूस आहे, होणारच, आणि नाही झाला तर समोरच्याला लाज वाटली पाहिजे, असा हिशेब. फ्लेक्स तेव्हा नुकताच आला होता, आणि तात्यांना त्याचं भारी वेड.

शनिवारी संध्याकाळी पंपासमोर, हायवेच्या तोंडावर बोर्ड लागला. 'विद्यापीठाच्या शैक्षणिक संचालकपदी आमचे सर मा. ओव्हाळ सर यांची निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' डावीकडं तात्यांचा फोटो, बैलगाडीच्या चाकाएवढा. उजवीकडं सर, काळ्या कोटात, टाय डावीकडं कललेला. खाली शुभेच्छुकांची नावं. मी रविवारी बहिणीकडं कवठ्याला गेलो होतो, मला पत्ता नाही. सर रविवारी घराबाहेर पडत नसत.

सोमवारी सकाळी साडेसहाला एस.टी. पंपापाशी आली आणि सरांनी कंडक्टरला घंटी मारायला लावली. शेजारच्या ढाब्यावरून शिडी मागून घेतली. शिडीवर स्वतः चढले. पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चौपन्न वर्षांचा प्रभारी प्राचार्य हायवेवर ट्रकवाल्यांसमोर बोर्डाच्या दोऱ्या सोडतोय. तात्या केबिनीतून बाहेर आले. हे सगळं मला ढाब्यावाल्यानं सांगितलं.

"सर, म्या तुमचा मान वाडवला आन् तुमी माजा बोर्ड उतरिवता? लोकांनी काय म्हनायचं?"

"तात्या, निवड झालेली नाही."

"व्हईल की! बोर्ड बघून व्हईल. मानूस एकला न्हाई, मागं गाव हाय, हे दिसाया नगं का?"

सर म्हणे शिडीवरूनच म्हणाले, "सोळा वर्षांत हे पहिल्यांदा दिसलं, तात्या." आणि बोर्ड गुंडाळून काखेत मारून कॉलेजवर आले. वर्षांचा आकडा ढाब्यावाल्याचा असेल, तेव्हा सोळा व्हायची होती. पण ते असं काहीतरी म्हणाले हे नक्की, कारण तात्या त्यानंतर महिनाभर कॉलेजवर फिरकले नाहीत.

मी ऑफिसात आलो तर गुंडाळी माझ्या टेबलावर.

"आवक करा," सर म्हणाले.

"काय?"

"बोर्ड. पाठवणार, अध्यक्ष. विषय, अभिनंदन. नंबर घाला."

मी गुंडाळी उलगडली. उजवीकडचा फोटो पाहिला आणि माझे कान तापले. सरांनी तो आधीच पाहिला होता. मी आवक नंबर घातला आणि बोर्ड कपाटावर टाकला.

रविवारी दुपारी निवडसमितीतले एक गृहस्थ सोलापूरकडून मोटारीनं येत होते. हे आम्हाला मंगळवारी फॅक्स आला तेव्हा कळलं. त्यात लिहिलं होतं, आपल्या निवडीचा फलक महामार्गावर लावल्याचे समितीच्या एका सदस्याने समक्ष पाहिले आहे, फलकावरील छायाचित्र अर्जावरील छायाचित्रच आहे, तरी मुलाखतीस येताना लेखी खुलासा आणावा. जाहिरातीच्या शेवटी एक ओळ होती, कोणत्याही मार्गाने दबाव आणणारा उमेदवार अपात्र ठरेल. ती मी वाचलेली होती. सगळी जाहिरात मी वाचलेली होती, आणि तरी.

सरांनी मला टाइपरायटरशी बसवलं आणि उभ्याउभ्या मजकूर सांगायला लागले. फलक माझ्या सांगण्यावरून लावलेला नाही. माझ्या निदर्शनास येताच मी तो काढला. माझी बोटं सुरळीत चालली होती. मग ते म्हणाले, "छायाचित्र माझ्या कार्यालयातून देण्यात आले. कार्यालयप्रमुख या नात्याने त्याची जबाबदारी माझी आहे."

मी थांबलो.

"टाइप करा, जगताप."

"सर, फोटू म्या दिला."

"माहीत आहे. दहावा."

"मग माजं नाव घाला! क्लार्कनं परस्पर दिला, मला ठाऊक न्हवतं, एवढंच लिवा. खरं हाय ते. काय व्हईल, मला मेमो मिळंल. फाडून टाकीन मेमो."

"सहीसाठी दिलात ना?"

मी मान हलवली.

सर खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "मला इचारायचं हुतं, सही कशी मिळाली म्हनून. इचारलं न्हाई. मलाबी पायजे हुती ती." वळून पुन्हा प्राचार्यांच्या आवाजात म्हणाले, "अर्जदार मी आहे. तुमचं नाव त्या अर्जात कुठं आहे? टाइप करा."

मी टाइप केलं. रडत केलं, खोटं कशाला बोलू. आणि सांगायला संताप येतो, पण तो खुलासासुद्धा त्यांना संस्थेमार्फतच न्यायचा होता. मी तो पंपावर घेऊन गेलो. तात्यांनी न वाचता सही ठोकली. वर विचारलं, "काय, कधी हजर व्हायचंय सरांना?"

बुधवारी सर गेले. जाताना हिरवी फाईल पिशवीत होती. मला वाटलं होतं संध्याकाळ होईल. तीनच्या सुमाराला ते ऑफिसच्या दारात उभे.

"झाली?"

"खुलासा वाचला त्यांनी. सात मिनिटं. मग म्हणाले, अर्ज विचारात घेता येणार नाही."

"फाईल दाखवली का, फाईल?"

"मुलाखतच नाही तर फाईल कशी दाखवू?" पिशवी खुर्चीवर ठेवून ते म्हणाले, "नियम बरोबर आहे हो. मी तिथं असतो तर मीही हेच केलं असतं."

त्या वेळी मला सरांचा जेवढा राग आला तेवढा तात्यांचासुद्धा आला नव्हता. काहीतरी बोला ना! शिव्या द्या, मला द्या, तात्यांना द्या, टेबल उलथा. सरांनी हजेरीपुस्तक उचललं आणि दुसऱ्या वर्षाच्या तासाला गेले. खडूचा आवाज ऑफिसात ऐकू येत होता. मी दार लावून घेतलं.

त्या जागेवर दुसरं कुणीतरी आलं. चांगला माणूस होता म्हणतात, असेलही. सर पंचावन्नचे झाले. मला मेमो दिला नाही, फोटोचा विषय पुन्हा कधी काढला नाही, लाल पेन मात्र पहिल्यासारखंच चालू ठेवलं. ते बंद झालं असतं तर मी नोकरी सोडली असती. निवृत्तीच्या दिवशी पोरांनी फळ्यावर रंगीत खडूनं 'प्राचार्य ओव्हाळ सर यांना निरोप' असं लिहिलं होतं. सरांनी खडू मागून घेतला, 'प्राचार्य'च्या आधी 'प्रभारी' लिहिलं, हात झटकले आणि खाली बसले. तात्या पहिल्या खुर्चीवर होते, टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.

त्यानंतर मी सरांना एकदाच पाहिलं.

मीही निवृत्त झालो होतो. धाकट्या मुलाचं मार्कशीट हरवलं, दुसरी प्रत काढायची म्हणून विद्यापीठात गेलो. तोच व्हरांडा. रंग नवा, आत कॉम्प्युटर आलेले, बाकी खिडक्या होत्या तशाच. जाळी, तळाशी अर्धगोल भोक. रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलेली. मी शेवटी उभा राहिलो आणि पुढं नजर टाकली, तर खिडकीशी एक पांढरा हाफशर्ट वाकलेला होता.

शेजारी एक मुलगी होती, खांद्याला दप्तर, ओळखीची नव्हती. सरांचे केस पार पिकले होते. डावा हात भिंतीला टेकलेला, उजव्या हातानं भोकातून एक कागद आत धरलेला. आवाज तोच. "वर आवक नंबर आहे बघा. आधी वाचा." आतून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सर बराच वेळ तसेच वाकून होते.

मला हाक मारायची होती. मंगलची मुलगी बारावीला आहे हे सांगायचं होतं. माझं चुकलं, हे त्या दिवशी टाइपरायटरपाशी नीट म्हणायचं राहून गेलं होतं, तेही म्हणायचं होतं. पण मधे वीस-बावीस माणसं होती, आणि रांग मोडून पुढं आलेलं सरांना चाललं नसतं.

सरांनी कागद परत घेतला. कमरेला हात लावून हळूहळू सरळ झाले, आणि मुलीला म्हणाले, "उद्या या म्हणतायत. येऊ."